कांस्यातील ससा : बॅरी फ्लॅनगन यांच्या प्राणिशिल्पांचा एक विचार

१

कलाकृती पाहून हसू आले, तर ती कलाकृती हलकी समजावी काय? साहित्याच्या क्षेत्रात ह्या प्रश्नाचे उत्तर आपण केव्हाच नकारार्थी देऊन बसलो आहोत. नाट्यशास्त्राने हास्याला रसांच्या पंक्तीत स्थान दिले, आणि मराठी वाचकानेही विनोदी लेखनाला वाङ्मयाचा दर्जा देण्यात फारशी कुचराई केली नाही. शिल्पकलेच्या क्षेत्रात मात्र, विशेषतः ओतीव धातूच्या शिल्पांबाबत, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. ओतीव धातू म्हटला की आपल्या मनासमोर देवमूर्ती येते, किंवा चौकातला पुतळा येतो. एकीपुढे हात जोडावयाचे, दुसऱ्याला हार घालावयाचा. ह्या माध्यमासमोर उभे राहून हसावयाचे असते, अशी सवय आपल्याला नाही.

ही सवय केवळ आपल्यालाच नाही असेही नव्हे. युरोपातही कांस्य हे राजे, सेनापती आणि संत यांचे माध्यम होते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बॅरी फ्लॅनगन ह्या ब्रिटिश शिल्पकाराने माणसाहून उंच असे कांस्याचे ससे उभे करावयास सुरुवात केली तेव्हा पाहणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. हे ससे नाचतात, ढोल वाजवितात, मुष्टियुद्ध करतात, क्रिकेट खेळतात, हनुवटीला हात लावून विचार करतात. लहान मुले त्यांच्याकडे धावत जातात. मोठ्यांनाही ते आवडतात. पण आवडले ह्याचा थोडासा संकोचही वाटतो. समीक्षक ह्या संकोचापाशी थांबतात आणि 'गमतीदार' असा शेरा मारून पुढे जातात.

प्रस्तुत लेखात त्या गमतीची घटना तपासावयाची आहे. ही गंमत कोठून उत्पन्न होते, तिच्यामागे कोणता विचार आहे, आणि कोणती गंमत टिकते व कोणती विरून जाते, असे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्याने विवेचनाची साधने व्याकरणातून घेतलेली आहेत. ती शिल्पावर लादलेली वाटू नयेत अशी अपेक्षा आहे. कारण फ्लॅनगन यांचा प्रवासच, पुढे दिसेल त्याप्रमाणे, शब्दाकडून शिल्पाकडे झालेला आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. ह्या प्रकारच्या शिल्पांना मराठीत काय म्हणावे? 'लहरी' हा शब्द चटकन सुचतो. पण मराठीत लहरी माणूस म्हणजे ज्याच्या वागण्याचा भरवसा नाही असा माणूस. 'लहरी राजा' म्हणताना आपण त्याची स्तुती करीत नसतो. 'विक्षिप्त' ह्या शब्दात अधिकच दोष आहे. 'गमतीदार' हा शब्द निरुपद्रवी आहे, पण तो इतका निरुपद्रवी आहे की त्याने काहीच सांगितले जात नाही. माझ्या मते 'मिस्कील' हा शब्द सर्वांत जवळचा. मिस्कील माणूस जाणूनबुजून गंभीर चेहऱ्याने बोलतो. त्याला काहीतरी ठाऊक असते आणि ते आपल्यालाही उमगावे अशी त्याची इच्छा असते, परंतु तो स्वतः ते उघड करीत नाही. लहरीपणात ज्ञान नसते, मिस्कीलपणात ते गृहीत असते. हा भेद ह्या शिल्पांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे.

फ्लॅनगन यांचा जन्म १९४१ साली उत्तर वेल्समधील प्रेस्टॅटिन येथे झाला. १९६४ ते १९६६ ह्या काळात ते लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकत होते. त्या वेळी तेथे अँथनी कॅरो यांच्या पोलादी, रंगविलेल्या, अमूर्त शिल्पांचा दबदबा होता. विद्यार्थी फ्लॅनगन यांनी ह्या वातावरणात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, सहाध्यायांबरोबर त्यांनी 'सिलान्स' नावाचे एक छोटेखानी नियतकालिक चालविले आणि अक्षरांच्या मांडणीतून उभ्या राहणाऱ्या कवितेचे प्रयोग केले. दुसरी म्हणजे, पोलादाला पाठ दाखवून कापड, वाळू आणि दोरी ही साधने हाती घेतली. कापडाच्या पिशव्यांत प्लास्टर किंवा वाळू भरावी आणि त्या भाराने जो आकार येईल तो येऊ द्यावा, अशी त्यांची रीत होती.

ह्या काळातील त्यांच्या एका शिल्पाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १९६५ सालचे हे शिल्प आता टेट संग्रहालयात आहे. त्याचे नाव म्हणजे रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ आहे: ए, ए, आय, एन, जी; मग एकटे जे; आणि मग जी, एन, आय, ए, ए. मधल्या जे ह्या अक्षराला आरसा मानले तर डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळते. उच्चारू गेल्यास हा शब्द नाही. पाहू गेल्यास तो नियमबद्ध आकार आहे. अर्थ शून्य, पण व्याकरण चोख. फ्लॅनगन यांच्या पुढील सर्व मिस्कीलपणाचे बीज मला ह्या नावात दिसते.

ह्या वृत्तीला त्यांनी एक वैचारिक आधारही शोधला होता. आल्फ्रेड जारी ह्या फ्रेंच लेखकाने (१८७३–१९०७) 'पॅटाफिजिक्स' नावाचे एक विनोदी शास्त्र कल्पिले. हे शास्त्र काल्पनिक उत्तरांचे आहे आणि ते नियमांचा नव्हे तर अपवादांचा अभ्यास करते, असे जारी याचे म्हणणे. फ्लॅनगन विद्यार्थिदशेपासून जारीच्या प्रभावाखाली होते. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ह्यात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. उत्सर्ग आणि अपवाद ह्या जोडीवर आपले व्याकरणशास्त्र उभे आहे, आणि अपवाद हा उत्सर्गाहून बलवान असतो हे तेथे तत्त्व म्हणूनच स्वीकारलेले आहे. जारीने जे थट्टेने म्हटले ते आपल्या वैयाकरणांनी अत्यंत गांभीर्याने म्हटले होते, इतकाच काय तो फरक.

३

१९७९ साली फ्लॅनगन यांनी उडी मारणारा पहिला कांस्याचा ससा घडविला. १९८२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, आणि २००९ साली इबिझा बेटावर मृत्यू येईपर्यंत ससा त्यांना सुटला नाही. ह्या वळणाला एका पुस्तकाचाही हातभार लागला होता. जॉर्ज इवर्ट एव्हन्स आणि डेव्हिड टॉमसन ह्या दोघांनी सशाविषयीच्या लोकसमजुती व दंतकथा एकत्र करून १९७२ मध्ये 'द लीपिंग हेअर' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा आपल्यावरील परिणाम फ्लॅनगन यांनी मान्य केलेला आहे.

येथे मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'ससा' ह्या एका शब्दात दोन निरनिराळे प्राणी सामावतात. एक बिळात राहणारा, पाळीव होऊ शकणारा. दुसरा उघड्या माळावर राहणारा, लांब पायांचा, लांब कानांचा, रानटी. इंग्रजीत ह्या दोहोंना स्वतंत्र नावे आहेत. फ्लॅनगन यांचा ससा हा दुसरा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती उथळ जागा करून तीत तो दबून बसतो. त्या जागेला इंग्रजीत 'फॉर्म' म्हणतात, आणि आकार, रूप, घाट ह्या अर्थी शिल्पकार रात्रंदिवस वापरतो तोही शब्द 'फॉर्म'च. शरीराच्या दाबाने गवताला आलेला आकार आणि भरलेल्या वाळूच्या दाबाने कापडाला आलेला आकार ह्यांतील नाते लक्षात घेतले, तर फ्लॅनगन यांचा १९७९ पूर्वीचा आणि नंतरचा काळ वाटतो तितका तुटक नाही.

हा रानससा वसंतात मागच्या पायांवर उभा राहून दुसऱ्या सशाला पुढच्या पंजांनी ठोसे मारताना दिसतो. इंग्रजीत 'मार्चमधल्या सशासारखा वेडा' असा वाक्प्रचार ह्यामुळेच रूढ झाला. हे वेड नव्हे, तर पुष्कळ वेळा मादीने नराला दिलेला नकार असतो, असे प्राणिशास्त्रज्ञांच्या निरीक्षणातून पुढे आले आहे. म्हणजे निसर्गातच हा प्राणी क्षणभर माणसासारखा दिसतो. आपल्याकडे मात्र ससा म्हणजे भित्रेपणा. 'सशाचे काळीज' ही आपली उपमा. फ्लॅनगन यांचे ससे पाहताना मराठी मनाने ही उपमा दूर ठेवावयास हवी.

४

आता गमतीच्या घटनेकडे वळू. पाणिनीय व्याकरणात एखाद्या घटकाच्या जागी दुसरा घटक येतो तेव्हा मूळच्या घटकाला 'स्थानी' म्हणतात आणि नव्याने येणाऱ्याला 'आदेश'. आदेश हा स्थानिवत् मानला जातो; म्हणजे स्थानीला जे अधिकार होते, जी कार्ये होत होती, ती आदेशालाही होतात. परंतु ह्याला एक मर्यादा आहे. जे कार्य स्थानीच्या प्रत्यक्ष वर्णावर, त्याच्या ध्वनिरूपावर अवलंबून आहे, ते आदेशाला मिळत नाही. अधिकार संक्रमित होतो, शरीर संक्रमित होत नाही.

फ्लॅनगन यांच्या सशाचे ह्याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. स्मारकशिल्पाचे एक पक्के वाक्य युरोपने शतकानुशतके घोटले आहे: चबुतरा, त्यावर कांस्य, कांस्यात माणूस, माणसाची एक अर्थपूर्ण क्रिया. फ्लॅनगन ह्या वाक्यातील बाकी सर्व पदे जशीच्या तशी ठेवतात आणि केवळ कर्त्याच्या जागी आदेश करतात. ससा स्थानिवत् होतो. त्याला चबुतरा मिळतो, उंची मिळते, विचार करण्याचा आणि नाचण्याचा अधिकार मिळतो. पण त्याचे कान, त्याचे लांबट मागचे पाय, त्याचे पुढे आलेले तोंड ही सशाचीच राहतात. अधिकार माणसाचा आणि देह सशाचा, ह्या फटीतून हसू येते.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर हेच दुसऱ्या शब्दांत सांगता येते. नैयायिकांनी वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक मानल्या. 'अग्नीने शिंपतो' ह्या वाक्यात आकांक्षा आहे, संनिधी आहे; योग्यता नाही, कारण शिंपण्याचे साधन अग्नी होऊ शकत नाही. 'ससा चिंतन करतो' हे वाक्य ह्याच जातीचे. मात्र फरक असा की, बोललेले वाक्य आपण 'हे शक्य नाही' म्हणून टाकून देऊ शकतो, पण वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या शिल्पोद्यानात १९९७ सालचा 'थिंकर ऑन अ रॉक', म्हणजे खडकावरचा विचारवंत, प्रत्यक्ष बसलेला आहे. त्याला टाकून देता येत नाही. मग आपल्यापुढे एकच मार्ग उरतो: योग्यतेची आपली कल्पनाच तपासून पाहणे. माणूस चबुतऱ्यावर बसून चिंतन करतो हे 'योग्य' का वाटते? ती वस्तुस्थिती आहे, की नुसती रूढी? येथपर्यंत प्रेक्षक पोहोचला की हसू थांबते आणि विचार सुरू होतो. ह्या शिल्पांच्या मागची कल्पना म्हणून जी काही सांगावयाची ती माझ्या मते हीच.

फ्लॅनगन यांनी स्वतः ह्या आदेशाचे समर्थन अभिव्यक्तीच्या सोयीने केले होते. माणसाच्या आकृतीपेक्षा मानवी भाव आरोपिलेला प्राणी, आणि त्यातही ससा, अधिक बोलू शकतो. डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालीपेक्षा कान पुष्कळ अधिक सांगतात, असे त्यांचे मत होते. शिल्पे पाहता हे पटते. त्यांच्या सशांचा चेहरा फारसा तपशिलाने घडविलेला नसतो. कान मात्र प्रत्येक वेळी निराळे: कधी ताठ, कधी मागे फेकलेले, कधी एक उभा आणि एक कलता. मराठी वाक्यात 'ना', 'की', 'बरे', 'हं' ही अव्यये जे काम करतात ते येथे कान करतात. वाक्यातील विधान तेच राहते. विधान करणाऱ्याचा त्याकडे पाहण्याचा भाव तेवढा कळतो.

५

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही माध्यमातील मानवीकृत प्राण्याला लागू पडेल, असा आक्षेप घेता येईल. व्यंगचित्रातला उंदीरही माणसासारखाच वागतो. मग कांस्याचे प्रयोजन काय?

भारतीय दर्शनांनी शशविषाण, म्हणजे सशाचे शिंग, हे अत्यंत असत् वस्तूचे उदाहरण म्हणून वापरून वापरून गुळगुळीत केले आहे. योगशास्त्रात ज्याला विकल्प म्हटले आहे, म्हणजे शब्दामागोमाग होणारे पण वस्तूने रिकामे असे ज्ञान, त्याचा हा नमुना. पण सशाचे शिंग हा शब्द उच्चारावयास एक श्वास पुरतो, आणि चित्रात ते काढावयास एक रेघ पुरते. विचारमग्न ससा कांस्यात आणावयाचा तर आधी तारेच्या सांगाड्यावर माती चढवावी लागते, मातीवरून साचा काढावा लागतो, साच्यात मेणाचा थर द्यावा लागतो, भट्टीत ते मेण वितळवून बाहेर काढावे लागते आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत तापलेला रस ओतावा लागतो. ह्या विधीला संस्कृतात मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट, म्हणजे मधाचे उष्टे. मेणाला इतके समर्पक नाव क्वचितच कोणत्या भाषेने दिले असेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात धातुमूर्ती ओतण्याच्या संदर्भात ह्या विधीचे वर्णन आहे. देवाची मूर्ती घडविण्याचे सर्व कष्ट एका थट्टेसाठी घ्यावयाचे, ही गोष्ट स्वतःच अर्थपूर्ण आहे. शब्दाला खर्च नाही, कांस्याला आहे. आणि ज्यासाठी कोणी एवढा खर्च केला ते असत् म्हणून झटकून टाकणे मनाला अवघड जाते.

त्यातच एक सूक्ष्म विरोध फ्लॅनगन यांनी साधला आहे. त्यांच्या सशांच्या अंगावर बोटांचे ठसे, मातीच्या वळकट्या, घाईने दाबलेले गोळे जसेच्या तसे दिसतात. धातू कायमचा, पण त्यात पकडलेला हात क्षणिक. स्मारकाचा पुतळा घासूनपुसून काल नाहीसा करतो. हे ससे मात्र आताच कोणीतरी मातीतून वळले असावेत असे दिसतात.

६

आता मूल्यमापनाचा प्रश्न. फ्लॅनगन यांचे सर्व ससे सारख्या योग्यतेचे नाहीत, आणि हे स्पष्टपणे सांगितल्यावाचून त्यांची स्तुती करण्यात अर्थ नाही. येथेही पाणिनीय व्याकरण एक निकष देते. एका स्थानीसाठी अनेक आदेश संभवत असतील तेव्हा स्थानीला जो सर्वांत निकटचा, 'अन्तरतम', असेल तो घ्यावा असा तेथे दंडक आहे. आदेश चांगला की वाईट हे ह्या निकटतेवरून ठरते.

हा निकष लावला तर मुष्टियुद्ध करणारे ससे श्रेष्ठ ठरतात. ससा खरोखरच उभा राहून ठोसे मारतो. येथे माणूस आणि ससा ह्यांत इतकी निकटता आहे की आदेश कोणाचा आणि स्थानी कोण हेच सांगणे कठीण होते. सुप्रसिद्ध नर्तक निजिन्स्की याच्या नावाने केलेल्या शिल्पांबाबतही असेच म्हणता येईल. २००१ सालच्या मोठ्या 'निजिन्स्की' शिल्पात ससा ऐरणीवर नृत्याच्या पवित्र्यात तोललेला आहे. निजिन्स्कीची कीर्ती त्याच्या उडीसाठी होती; ससाही उडीचाच प्राणी. शिवाय ऐरण ही धातूला आकार देणारी वस्तू. ह्या रचनेतील प्रत्येक पदाचा दुसऱ्याशी आतून संबंध आहे, म्हणून हसू ओसरल्यावरही पाहावेसे वाटते.

ह्याच्या तुलनेत 'थिंकर ऑन अ रॉक' मला दुबळे वाटते. वर योग्यतेच्या विवेचनात त्याचा उपयोग केला, कारण उदाहरण म्हणून ते ठसठशीत आहे. पण उत्तम उदाहरण आणि उत्तम कलाकृती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोदँचा 'विचारवंत' ज्याने पाहिला आहे त्याला हे शिल्प क्षणात कळते, आणि कळले की संपते. ससा आणि चिंतन ह्यांत निकटता नाही. जो काही संबंध आहे तो रोदँच्या कीर्तीने पुरविलेला आहे. विडंबनाला नेहमी मुळाच्या उधारीवर जगावे लागते.

ह्याउलट एका गटातील शिल्पांत आदेश मुळीच नाही. लंडनच्या ब्रॉडगेट भागातील १९८८ सालचे शिल्प घ्या. खाली घंटा, घंटेवर चंद्रकोर, आणि तिच्यावरून झेप घेणारा ससा. हा ससा माणसाचे काहीही करीत नाही. तो सशासारखीच उडी मारतो. पण घंटा आणि ससा दोन्ही एकाच धातूचे. घंटा ही वाजण्यासाठी ओतलेली वस्तू, आणि ती येथे मुकी आहे. झेप ही क्षणात संपणारी क्रिया, आणि ती येथे थांबली आहे. शशी, शशांक, शशधर असे शब्द ज्याच्या भाषेत रोजचे आहेत, चंद्रावरील डागात ज्याने लहानपणापासून ससा पाहिला आहे, त्याला चंद्रकोरीवरचा ससा परका वाटणार नाही. ह्या शिल्पासमोर हसू येत नाही, स्मित येते. फ्लॅनगन यांची सर्वोच्च कामगिरी मी ह्या गटात मानतो.

ह्याच्याही पलीकडे एक प्रकार आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचे प्राचीन घोडे १९७९ साली लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले होते. त्यांचा प्रभाव घेऊन फ्लॅनगन यांनी १९८३ मध्ये एक कांस्याचा घोडा केला. तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात आहे. घोड्याला कांस्यात परंपरेनेच स्थान आहे, तेव्हा येथे आदेशाची गरज नाही. येथे आहे तो लोप. स्वार नाही. स्वार गेल्याने घोडा प्रथमच वाक्याचा कर्ता होतो. ह्या शिल्पात मिस्कीलपणा जवळजवळ नाही, पण त्याच विचाराचे ते दुसरे टोक आहे.

एक धोका मात्र नोंदविला पाहिजे. लक्षणा वारंवार वापरली की ती निरूढ होते. तिच्यातील मुख्यार्थाचा बाध कोणालाच जाणवत नाही. तीस वर्षे ससा माणसाच्या जागी येत राहिला, एकेका शिल्पाच्या ठरावीक संख्येने प्रती निघाल्या आणि त्या अनेक शहरांत व संग्रहांत पोहोचल्या. आज फ्लॅनगन यांचा ससा नाचताना पाहून 'ससा का नाचतो?' असे कोणी विचारीत नाही. 'हा फ्लॅनगन' असे म्हणतो. अपवादाचा उत्सर्ग झाला. उत्तरकाळातील पुष्कळ ससे ह्या निरूढतेचे बळी आहेत असे माझे मत आहे. वाद्य बदलते, खेळ बदलतो. वाक्य बदलत नाही.

७

वाळू आणि दोरी सोडून कांस्याकडे वळणे ही फ्लॅनगन यांची माघार होती, बाजाराला दिलेली शरणागती होती, असाही आक्षेप घेता येतो. त्यात थोडे तथ्य आहे. पण एका घटनेचा विचार त्यासोबत करावयास हवा. १९७२ साली शहरांतील सार्वजनिक शिल्पांच्या एका योजनेत फ्लॅनगन यांचे उभ्या स्तंभांचे एक अमूर्त शिल्प केंब्रिजच्या हिरवळीवर उभारले गेले, आणि लोकांनी त्याची मोडतोड केली. २००६ साली डब्लिनच्या ओ'कॉनेल रस्त्यावर त्यांचे कांस्याचे प्राणी मांडले गेले, तेव्हा लोक त्यांच्याभोवती आनंदाने जमले. ह्यावरून पहिले शिल्प वाईट आणि दुसरी चांगली असे सिद्ध होत नाही. पण सार्वजनिक जागेची एक भाषा असते, आणि तिच्यात नवे काही म्हणावयाचे तर तिची काही पदे तरी तशीच ठेवावी लागतात, हे सिद्ध होते. डब्लिनच्या त्या रस्त्यावर ओ'कॉनेल, पार्नेल आणि हात उंचावून उभा असलेला कामगार नेता लार्किन यांचे कांस्यपुतळे आहेत. त्यांच्या पंक्तीत ससा उभा राहिल्याने त्यांचा अपमान झाला नाही. उलट, हात उंचावणे ही देखील एक शारीर, धडपडती, जिवंत क्रिया आहे, हे लोकांच्या पुन्हा लक्षात येण्याची सोय झाली.

हा प्रश्न आपल्याही दारात येतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडले. चाकांची सोय असलेल्या बैठकींवर ते प्राणी स्वतंत्रपणे उभे आहेत; ते कोणाचेही वाहन नाहीत. त्यानंतरच्या आपल्या धातुशिल्पात मात्र प्राणी बहुधा विशेषण होऊन आला. नंदी शिवाचा, उंदीर गणपतीचा, सिंह देवीचा, घोडा स्वाराचा. शिल्पकार वि. पां. करमरकर यांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला त्यांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा कांस्याचा. आणि अलिबागजवळ सासवणे येथील त्यांच्या शिल्पालयातील म्हैस, जिच्यापुढे येणारा प्रत्येक जण हसतो आणि मग थक्क होऊन थांबतो, ती सिमेंटची. दोन्हींमागचा हात एक, डोळा एक. भेद केला तो माध्यमाच्या सामाजिक व्याकरणाने. कांस्य सार्वजनिक गौरवाला आणि सिमेंट घरच्या अंगणाला.

फ्लॅनगन यांच्या शिल्पांचे अनुकरण करून आपल्या चौकांत ससे बसवावेत, असा ह्या लेखाचा निष्कर्ष नाही. निकट आदेशाचा नियम तेथे आड येईल. युरोपचा रानससा ज्या लोकसमजुतींतून आला त्या आपल्या नाहीत. निष्कर्ष असा की, ओतीव धातूच्या भाषेत कर्त्याच्या जागी कोण येऊ शकतो ही गोष्ट धातूने ठरविलेली नसून आपण ठरविलेली आहे, आणि ती बदलता येते. मिस्कील शिल्प हे दाखवून देते, आणि म्हणूनच ते हलके नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक पुतळ्यांचे चबुतरे, पवित्रे, वाहने आणि साहित्य ह्यांची ह्या दृष्टीने पद्धतशीर नोंद झाली, तर आपल्या ह्या अलिखित व्याकरणाचे नियम हाती लागतील. त्या नियमांचे अपवाद कोठे आहेत हे पाहणे हा त्या अभ्यासाचा अधिक महत्त्वाचा भाग ठरेल.